पांडा पाहायला चेंगदूला: पासपोर्ट, बांबू आणि सकाळचे साडेसात

पांडा बघायला चीनला निघालोय म्हटलं की लोक दोनच प्रश्न विचारतात: व्हिसा मिळतो का आणि तिथे खायचं काय? हे दोन्ही सुटतात. गाडी अडते ती केंद्राच्या दारात. चेंगदूच्या पांडा केंद्राचं तिकीट पासपोर्टच्या क्रमांकाला बांधलेलं असतं, आणि पांडा मनापासून जागा असतो तो साधारण सकाळी दहापर्यंतच. यातलं एक जरी चुकलं तरी दोन विमानं बदलून आलेला माणूस काळ्या-पांढऱ्या पाठी बघून परत जातो. आमचं पहिल्या दिवशी तसंच झालं. म्हणून काय, कधी, किती पैशांत आणि कुठे चुकलं, हे तारखांसकट लिहून ठेवतोय. (पांडाचं अनेकवचन ‘पांडे’ करायचा मोह होतो, पण मग नागपूरकडची आडनावं डोळ्यांपुढे येतात. त्यामुळे एक असो वा दहा, इथे पांडाच.)

आधी कुठे जायचं ते ठरवावं लागतं, कारण सिचुआन प्रांतात पांडा केंद्र एकच नाही. सगळ्यांना माहीत असलेलं आहे ते चेंगदू शहरातलं संशोधन व प्रजनन केंद्र. ते १९८७ साली सुरू झालं, डोंगरातून वाचवून आणलेल्या सहा आजारी, उपाशी पांडांपासून. त्या दशकात तिथल्या डोंगरांतला बांबू एकाच वेळी फुलून वाळला होता. आपल्याकडे मेळघाट-गडचिरोलीत बांबूला फुलोरा आला की जाणती माणसं काळजीत पडतात, तसलाच प्रकार. फक्त तिथे बांबू गेला म्हणजे पांडाचं सगळं ताटच गेलं. दुसरी संस्था आहे ती वोलोंगच्या अभयारण्यातून वाढलेली. तिची केंद्रं वोलोंगजवळ शेनशूपिंगला, दूजियांगयानला आणि याआनजवळ बिफेंगशियाला आहेत. १२ मे २००८ च्या भूकंपात वोलोंगचं जुनं केंद्र उद्ध्वस्त झालं, पांडा बिफेंगशियाला हलवले गेले आणि नवं केंद्र शेनशूपिंगला उभं राहिलं. परदेशात जन्मून परतलेले बरेच पांडा याच संस्थेकडे येतात. दक्षिण कोरियात जन्मलेली फू बाओ एप्रिल २०२४ मध्ये परतली ती शेनशूपिंगला, आणि टोकियोची शियांग शियांग त्याआधी फेब्रुवारी २०२३ मध्ये आली ती बिफेंगशियाला.

चार-पाच दिवस हाताशी असतील तर चेंगदू आणि दूजियांगयान ही जोडी करावी. चेंगदूला पिल्लं दिसतात, दूजियांगयानला शांतता मिळते. शेनशूपिंगचा डोंगर देखणा आहे, पण रस्त्याने जाऊन-येऊन अख्खा दिवस जातो. पावसाळ्यात तो रस्ता दरडींचाही आहे.

महिना आम्ही नोव्हेंबर निवडला. पांडाला उकाडा सोसत नाही. पारा २५-२६ अंशांच्या वर गेला की त्यांना वातानुकूलित खोल्यांत घेतात आणि मग काचेपलीकडचं झोपलेलं गाठोडं बघायचं. जुलै-ऑगस्टमध्ये हा उकाडा, वर चिनी शाळांची सुट्टी. १ ऑक्टोबरपासूनचा आठवडा, मे महिन्याचे पहिले पाच दिवस आणि चिनी नववर्ष हे तर विसराच. पिल्लं बहुतेक जुलै ते सप्टेंबरमध्ये जन्मतात, म्हणजे नोव्हेंबरात ती तीन-चार महिन्यांची, डोळे उघडलेली, रांगायला लागलेली असतात. मार्च-एप्रिलही हवेला चांगला, पण तेवढी लहान पिल्लं तेव्हा नसतात.

भाऊबीज आटोपून सोमवारी, २७ ऑक्टोबर २०२५ ला मुंबईच्या चिनी व्हिसा केंद्रात कागद दिले. तेव्हा अर्ज ऑनलाइन भरून, छापून, सही करून थेट न्यायचा होता. आधी वेळ घ्यावी लागली नाही. अर्ज लांबलचक आहे. नोकरीचा इतिहास, आई-वडिलांची माहिती, रोज रात्री कुठे राहणार, सगळं विचारतात. सोबत सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट (बँकेच्या शिक्क्याचं), परतीची तिकिटं, प्रत्येक रात्रीचं हॉटेल आणि दिवसवार बेत. खिडकीवर सगळ्यात जास्त माणसं परत पाठवली जात होती ती फोटोपायी. आपल्याकडचा स्टुडिओ सवयीने ३५ बाय ४५ मिलिमीटरचा फोटो देतो. इथे ३३ बाय ४८ लागतो, मागे पांढरं, कान उघडे, चष्म्यावर चमक नको. माप कागदावर लिहून स्टुडिओवाल्याच्या हातात द्यावं. फी आणि केंद्राचा सेवाशुल्क मिळून माणशी पाच हजारांच्या आसपास गेले. शुक्रवारी, ३१ तारखेला पासपोर्ट हातात आले. या केंद्राला भारताच्या आणि चीनच्या, दोन्हीकडच्या सुट्ट्या लागू असतात, तेवढे दिवस हिशेबात धरावेत.

नावाची एक मराठी अडचण आहे. आपल्या पासपोर्टवर बऱ्याचदा ‘गिव्हन नेम’मध्ये स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं अशी दोन नावं असतात. विमान, रेल्वे, हॉटेल, पांडा केंद्र, सगळीकडे ती दोन्ही तशीच, त्याच क्रमाने टाकायची. मधलं नाव गाळलं की रेल्वेच्या खिडकीवर वाद होतो.

पैशांची तयारी घरूनच करून निघा. चीनमध्ये रस्त्यावरचा रताळीवालासुद्धा क्यूआर कोड पुढे करतो. अलीपे किंवा वीचॅट या चिनी ॲपमध्ये पासपोर्टचा फोटो टाकून ओळख पक्की करायची आणि आपलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडायचं. रुपे चालत नाही. कार्ड जोडताना ओटीपी भारतातल्या नंबरवर येतो, त्यामुळे हे इथेच उरका, आणि तिकडेही भारतीय सिमवर एसएमएस येईल एवढं रोमिंग चालू ठेवा. बँकेच्या ॲपमध्ये ‘आंतरराष्ट्रीय व्यवहार’ हे बटण बहुधा बंद असतं; पहिलं पेमेंट फसण्याचं सर्वांत साधं कारण तेच. २०० युआनपर्यंतच्या व्यवहाराला जादा शुल्क नाही, त्यावर ३ टक्के लागतात. युआन आम्हाला साडेबारा रुपयांच्या आसपास पडला. पाचशे युआन रोख जवळ ठेवले होते. तीनशे तसेच परत आले.

गुगल, जीमेल, व्हॉट्सॲप तिथल्या वायफायवर चालत नाहीत. आपल्या कंपनीचं रोमिंग किंवा बाहेरचं ई-सिम घेतलं की चालतात. नकाशाला गुगलच्या भरवशावर राहू नका, तो तिथे जुना आणि थोडा सरकलेला असतो. आमॅपची इंग्रजी आवृत्ती घ्या. टॅक्सीसाठीचं ‘दीदी’ हे ॲप अलीपेच्या आतच मिळतं.

आता तिकीट. चेंगदू केंद्राचं तिकीट ५५ युआन. दिवसाची संख्या ठरलेली, ती सकाळ आणि दुपार अशी वाटलेली. वीचॅटमधल्या चिनी पानावर किंवा इंग्रजीतल्या प्रवासी ॲपवर ते आधी काढायचं. आम्ही शनिवार, २२ नोव्हेंबरची सकाळ आठवडाभर आधी काढली. ॲपमध्ये प्रवाशांची माहिती पूर्वीच्या एका सहलीपासून साठवलेली होती. नावावर टिचकी मारली, पैसे भरले, झालं. त्या साठवलेल्या माहितीत पासपोर्टचा क्रमांक जुना होता. पासपोर्टचं नूतनीकरण झालं की आपल्याकडे क्रमांक बदलतो, पण ॲपला ते कोण सांगणार?

मुंबईहून बँकॉकमार्गे चेंगदू, परतीसह माणशी ४२ हजार पडले. थेट चेंगदूत उतरणारं आंतरराष्ट्रीय विमान मुद्दाम घेतलं. ग्वांगचौ किंवा शांघायमार्गे गेलात तर पुढचा टप्पा देशांतर्गत असतो, आणि २८ जून २०२५ पासून चीनच्या देशांतर्गत विमानात ‘३सी’ ही चिनी सुरक्षा प्रमाणपत्राची खूण नसलेली पॉवर बँक नेता येत नाही. आपल्याकडच्या पॉवर बँकेवर ती खूण सहसा नसते. सुरक्षा तपासणीत ती काढून घेतात.

शुक्रवारी, २१ नोव्हेंबरला रात्री थिआनफू विमानतळावर उतरलो. आगमनपत्र २० नोव्हेंबरपासून ऑनलाइन भरता येऊ लागलं होतं, ते बँकॉकलाच भरलं. इमिग्रेशनला पाऊण तास. कुठे जाणार असं विचारलं तेव्हा ‘शिओंगमाओ’ एवढंच म्हटलं आणि अधिकारी हसला. शिओंग म्हणजे अस्वल, माओ म्हणजे मांजर. विमानतळ शहरापासून लांब आहे. वेळेत उतरलात तर मेट्रोची १८ नंबरची लाइन, उशीर झाला तर टॅक्सीला दीडशे-दोनशे युआन. हॉटेल घेताना परदेशी पाहुणे घेतात का, हे आधी बघा. ते पासपोर्ट स्कॅन करून पोलिसांकडे नोंद करतात, आणि काही छोटी हॉटेलं ती कटकट नको म्हणून दारातूनच नाही म्हणतात. आमची खोली २६० युआनची होती, तीन नंबरच्या मेट्रो लाइनवर. पांडासाठी ही लाइन सोयीची.

शनिवारी सकाळी मेट्रोने शिओंगमाओ दादाओ, म्हणजे पांडा अव्हेन्यू स्टेशनला उतरलो. तिथून दारापर्यंत बस मिळते, दहाएक मिनिटांची. शहराच्या मध्यातून टॅक्सी केली तर तीस-चाळीस युआन होतात. केंद्राला दोन दारं आहेत, दक्षिण आणि पश्चिम. दक्षिणेकडे जुना भाग, पिल्लांचं घर आणि गर्दी. पश्चिमेकडे नंतर वाढवलेला मोकळा भाग. पावणेआठला रांगेत होतो. चिनी माणसं ओळखपत्र टेकवून आत जातात, परदेशी पासपोर्टला बाजूची माणूस बसवलेली खिडकी. तिथे पासपोर्ट ठेवला आणि पडद्यावर काहीच आलं नाही. त्या बाईंनी क्रमांक हाताने टाकला. तरी नाही. फोनवरचं बुकिंग दाखवलं तेव्हा त्यांनी न बोलता दोन्हींच्या पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं. पासपोर्टवर एक, बुकिंगवर दुसरंच.

क्रमांक दुरुस्त करता येत नाही. ते तिकीट रद्द करायचं आणि नवं काढायचं. शनिवार असल्याने सकाळचा कोटा संपलेला, दुपारचा शिल्लक. फोनवर, खिडकीसमोर उभं राहूनच, योग्य क्रमांक टाकून दुपारचं काढलं. जुन्या तिकिटाचे पैसे चार दिवसांनी कार्डवर परत आले. चूक आमची, त्यामुळे चिडायला कोणी सापडेना. बारा वाजेपर्यंत शेजारच्या रस्त्यावर नूडल्स आणि चहा. तुमच्या फोनमध्ये साठवलेले पासपोर्ट क्रमांक आत्ताच तपासा. पुढचं नंतर वाचलं तरी चालेल.

दुपारच्या तिकिटात काय दिसतं? पाठी. झाडाच्या बेचक्यात अडकवल्यासारखे झोपलेले पांडा, ओंडक्यावर पालथे, एक पाय हवेत. हवा चौदा अंश होती, म्हणजे उन्हाचं कारण नव्हतं. कारण त्याच्या पोटात आहे. पांडा वंशाने मांसाहारी, आतडं आखूड. खातो मात्र बांबू, आणि त्यातला जेमतेम पाचवा भाग पचवतो. म्हणून दिवसाला दहा ते सोळा तास खायचं, बारा ते अडतीस किलो बांबू संपवायचा आणि मधल्या वेळात शक्ती वाचवत पडून राहायचं. सकाळची मोठी पंगत उठली की वामकुक्षी ठरलेली.

दुपारचा आणखी एक फटका म्हणजे हुआ हुआची रांग. ४ जुलै २०२० ला जन्मलेली ही आखूड मानेची मादी चीनमधली मोठी सेलिब्रिटी आहे. तिच्या एकटीसाठी लोक विमानाने येतात. रांगेशी दीड तासाची पाटी होती, आणि समोर पोचल्यावर मिळतात दोन-तीन मिनिटं, तीही ‘चला पुढे, चला पुढे’ ऐकत. विठ्ठलाच्या पायांवर डोकं टेकवायच्या आत पुढे ढकलतात, तसंच. माझं मत विचाराल तर ही रांग सोडा. तेवढ्या वेळात पाच पिंजरे निवांत होतात.

पिल्लांच्या घरात मात्र दुपारीही गेलोच. काचेपलीकडे गादीवर चार पिल्लं एकमेकांवर पसरली होती. शेजारी फलक आहे तो वाचण्यासारखा. जन्मतः पांडाचं पिल्लू सुमारे शंभर ग्रॅमचं असतं, अमूल लोण्याच्या छोट्या वडीएवढं. गुलाबी, आंधळं, जवळजवळ केस नसलेलं. आई त्याच्या नऊशे पट. मादी वर्षातून एकदाच, वसंतात, एक ते तीन दिवस माजावर असते. केंद्रात जुळी होण्याचं प्रमाण बरंच आहे, पण आई सहसा एकच सांभाळते, दुसरं टाकून देते. त्यावर इथल्या लोकांनी काढलेली युक्ती अशी: एक आईपाशी, एक पेटीत, आणि काही तासांनी आईला मधाच्या पाण्यात गुंतवून गुपचूप अदलाबदल. दोघांनाही आईचं दूध मिळतं, आईला आपलं एकच पिल्लू आहे असं वाटत राहतं. काच असल्याने फोटोत प्रतिबिंब येतं. काळा शर्ट घाला आणि फोन काचेला टेकवून धरा. फ्लॅश आणि सेल्फी-स्टिक चालत नाही. वस्तू फेकणाऱ्यांना इथे आजन्म प्रवेशबंदी करतात, आणि तशा घोषणा केंद्राने जाहीरपणे केल्या आहेत.

दुपारची भरपाई केली ती लाल पांडाने. त्यांच्या एका आवारात पायवाट आतूनच जाते आणि ते आपल्या पायांपुढून रस्ता ओलांडतात. हात लावायचा नाही, चावतात. दार्जिलिंगच्या पद्मजा नायडू प्राणिसंग्रहालयात ज्यांनी ते लांबून पाहिलेत त्यांना इथे मजा येईल. नाव सारखं असलं तरी हा मोठ्या पांडाचा जवळचा नातेवाईक नव्हे. तो अस्वलांच्या घराण्यातला, याचं कुळच वेगळं.

रविवारी, २३ तारखेला दूजियांगयान. मेट्रोच्या दोन नंबर लाइनने शीपूला जायचं; तिथे मेट्रोतून उतरून त्याच स्टेशनात पुढची रेल्वे मिळते. केंद्राजवळच्या छिंगछंगशान स्टेशनचं तिकीट दहा युआनच्या आसपास, अर्ध्या तासाचा प्रवास. तिकीट रेल्वेच्या १२३०६ ॲपवर इंग्रजीत काढता येतं, पण परदेशी पासपोर्टची पहिली पडताळणी व्हायला वेळ लागतो, ती आदल्या दिवशी करून ठेवा. फाटकावर पुन्हा माणसाचीच खिडकी. स्टेशनहून केंद्रापर्यंत टॅक्सीला वीसच्या आत. तिकीट साठच्या आत.

इथलं काम वेगळं आहे: जखमी-आजारी पांडांचे उपचार, म्हाताऱ्यांची देखभाल, परदेशातून आलेल्यांचं विलगीकरण. पिल्लांचं कौतुक कमी, म्हणून माणसंही कमी. डोंगराचा उतार, ओली पायवाट, बांबूची दाटी. एका म्हाताऱ्या पांडाला बांबू सोलून, कापून, चिरलेल्या गाजरासोबत देत होते, कारण दात झिजलेले. पाळणारे त्यांना नावाने हाक मारतात, सिचुआनी बोलीत, सूर चढवत, घरच्या म्हशीला बोलवावं तसं. दोनदा हाक मारली की स्वारी डुलत येते.

वोलोंगमधल्या रानात सोडण्याच्या कामाचे फलकही इथे आहेत. पहिला सोडलेला नर २००६ मध्ये रानात गेला आणि पुढच्याच वर्षी मेला. रानातल्या पांडांशी त्याचं जमलं नाही. त्यानंतर पद्धत बदलली. पिल्लू आईबरोबर कुंपणातल्या जंगलातच वाढवायचं आणि माणसाने जवळ जाताना पांडाचा वेश घालायचा, त्यालाही पांडाच्या मूत्राचा वास लावून. चौथ्या राष्ट्रीय गणनेत, म्हणजे २०११ ते २०१४ मध्ये, रानात १,८६४ पांडा मोजले गेले. त्याआधीच्या गणनेत १,५९६ होते. २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय यादीत पांडा ‘संकटग्रस्त’मधून एक पायरी खाली, ‘असुरक्षित’मध्ये आला.

पांडाला मांडीवर घेऊन फोटो काढायची सोय पूर्वी काही केंद्रांत पैसे भरून होती, ती बंद झाली आहे. अजूनही कोणी एजंट तसं विकत असेल तर पैसे देऊ नका.

सोमवारी दूजियांगयानची जुनी पाटबंधारे योजना पाहिली. इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकातली आहे, धरण न बांधता नदी दुभंगून पाणी वळवलंय आणि आजही चालते. पाण्याच्या खात्यात कोणी काम केलं असेल तर त्याने अख्खा दिवस द्यावा. आम्ही तीन तास दिले.

खाण्याबद्दल एवढंच: ‘वो छ्ह सू’ म्हणजे मी शाकाहारी. तेवढ्यावर भागत नाही, कारण मापो तोफूत खिमा असतो आणि भाजीच्या फोडणीत डुकराची चरबी. वाक्य चिनीत लिहून फोनवर ठेवा: मांस, मासे, चरबी, मांसाचा रस्सा नको. शहरातल्या वेनशू मठात शाकाहारी जेवण मिळतं. सिचुआनचा तिखटपणा कोल्हापूरकराला झेपतो. जीभ बधिर करणारी ती मिरी मात्र आपल्या तिरफळाची चुलत बहीण निघाली, त्यामुळे कोकणातल्या माणसाला तीही नवी नाही. भात सगळीकडे मिळतो.

मंगळवारी, २५ नोव्हेंबरला पुन्हा चेंगदू केंद्र, सकाळचं तिकीट, क्रमांक तीनदा तपासून. कामाचा दिवस होता. दार उघडताच आत, आणि बहुतेक लोक हुआ हुआकडे धावत असताना आम्ही उलट्या दिशेने. साडेआठच्या सुमाराला बांबूच्या जुड्या टाकल्या गेल्या आणि एक मोठा नर आमच्यापासून सहा-सात फुटांवर, मध्ये फक्त खंदक आणि कठडा, असा बसला.

बसतो तो माणसासारखा, पाठ टेकून, पाय पसरून. आधी बांबूची जुडी हुंगतो, दोन कांड्या बाजूला टाकतो. निवडलेली कांडी मुठीत धरतो. मनगटाचं एक हाड वाढून अंगठ्यासारखं झालंय, पाच बोटांसमोर ते दाबून धरलं की पकड बसते. मग कांडी तोंडात आडवी घालून दाढेने हिरवी साल ओढतो, मनगट फिरवतो, पुन्हा ओढतो. सालपटं पोटावर पडत राहतात. आतला पांढरा भाग कडाकड मोडतो. तो आवाज वीस पावलांवर ऐकू येतो, ओला ऊस मोडावा तसा. पानांची रीत निराळी. फांदीवरून एकेक पान चावून तोंडाच्या कोपऱ्यात गोळा करतो, आणि पुरेशी झाली की सगळी हातात घेऊन घडी घालतो. थेट विडा. मग त्या विड्याचे तीन चावे. मध्येच जागचा न हलता लेंडी टाकतो, रताळ्याच्या आकाराची, हिरवट, बांबूचे धागे दिसतात आणि घाण वास येत नाही. दिवसातून अशा चाळीसएक.

हे सगळं पन्नास मिनिटं चाललं. मक्याच्या आणि इतर पिठांचा वाफवलेला गोळा आला तेव्हा बांबू टाकून आधी तो खाल्ला. पथ्याचं पान आणि गोडाचं पान यांतला फरक त्यालाही कळतो.

व्यवहाराचं थोडं राहिलं. केंद्रात आठ-दहा किलोमीटर सहज चालणं होतं, चढ-उतार आहेत. गुडघे दुखत असतील तर आतली बॅटरीची गाडी घ्या, पण ती ठरावीक थांब्यांवरच उभी राहते. आतलं जेवण महाग आणि मांसाहारी, त्यामुळे दशम्या किंवा ठेपले बरोबर ठेवा. पाणी भरायची सोय आहे, पण ते गरम असतं. नोव्हेंबरात धुकट हवा आणि ओल असते. स्वेटरपेक्षा वारा अडवणारं जाकीट कामाला येतं. पाच रात्रींचा मुक्काम, स्थानिक प्रवास, चार तिकिटं आणि खाणं मिळून माणशी सुमारे २,००० युआन गेले, म्हणजे पंचवीस हजार रुपये. विमान आणि व्हिसा वेगळे.

दहा वाजून दहा मिनिटांनी नराने शेवटची कांडी अर्धी टाकली, पोटावरची सालपटं झटकायचीही तसदी घेतली नाही आणि ओंडक्यावर आमच्याकडे पाठ करून आडवा झाला. त्याच वेळी झेंडी धरलेल्या वाटाड्यामागून पहिला सहलगट वळणावर आला. आम्ही पश्चिम दाराने बाहेर पडलो. तिथे टॅक्सीला रांग नव्हती.